पोच आल्याशिवाय ओळ खोडू नकोस

पुणे

चि. ताईस,


तुझं पत्र आणि सोबतची दोन्ही कोटेशनं मिळाली. अमळनेरात दोन, पारोळ्यात एक, चोपड्यात एक अशी चार दुकानं झाली, आणि हेड ऑफिस म्हणजे अजूनही जुन्या दुकानावरची ती एकच खोली. चारही दुकानांची बिलं रात्री पेनड्राइव्हवर येतात, नाहीतर व्हॉट्सॲपवर एक्सेलची फाइल येते, आणि सकाळी कोणीतरी ती टॅलीत भरतं. हे आता झेपत नाही असं तू लिहिलंस. मला विचारशील तर तिसरं दुकान उघडलं तेव्हापासूनच ते झेपत नव्हतं. फक्त तोवर दाजी रात्री अकरापर्यंत बसून निस्तरत होते.

एक कोटेशन म्हणतं, चारही दुकानांतलं बिलिंग काढून टाका, सगळं इंटरनेटवर चालणारं नवं घ्या. दुसरं म्हणतं, काउंटरचा डेटाबेस थेट टॅलीला जोडून देतो, चार दिवसांचं काम आहे. भारीतलं घेऊ की स्वस्तातलं, असा तुझा प्रश्न. मला दोन्ही पटत नाहीत. का, ते पुढे लिहितो. आधी पारोळ्याचं बघू.

पत्राच्या शेवटी तू जाता जाता लिहिलंस की आखाजीच्या आदल्या दिवशी पारोळ्याच्या तीन नंबर काउंटरवर १,८४६ रुपयांची तूट निघाली आणि दाजी ती त्या मुलीच्या पगारातून कापायचं म्हणताहेत. बाकी सगळं पत्र बाजूला ठेवून मी आधी त्या दिवसाची यादी काढली. रात्री पावणेनऊच्या सुमाराला १,८४६ चं एक बिल आहे. चणाडाळ, गूळ, तूप, रवा, वेलची, आखाजीचंच सामान. त्यानंतर दीड-दोन मिनिटांनी पुन्हा १,८४६ चं बिल, माल तोच, वजनं तीच, काउंटर तोच. दोन्ही यूपीआयची. आता मीच सांगतो काय झालं असेल. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर चक्र फिरत राहिलं, मागं रांग वाढली, मुलीनं पहिलं बिल रद्द करून दुसरं केलं, आणि पैसे एकदाच आले. काउंटरच्या कॉम्प्युटरवर जाऊन बघ, पहिलं बिल रद्द झालेलं दिसेल. पण तुमची ती एक्सेलची फाइल झालेलं प्रत्येक बिल उचलते. रद्द झालेल्या बिलांचा रकानाच तिच्यात नाही. म्हणून हेड ऑफिसला दोन विक्र्या दिसल्या आणि जमा एक.

जुने मुनीम रोजमेळात फरक आला की आधी तो नऊनं भागून बघायचे. भाग गेला तर कुठंतरी ५४ चे ४५ लिहिलेत असं समजायचे. मग फरक निम्मा करून त्या रकमेची नोंद शोधायचे, जमेची नावे पडली का म्हणून. मग पूर्ण फरकाएवढी एखादी नोंद दोनदा आली का ते बघायचे. पोऱ्यावर संशय घ्यायची पाळी यानंतर यायची. तुझ्याकडे कॉम्प्युटर आला तसा हा क्रम उलटा झाला, हे मला खटकलं. दाजींना एवढंही सांग की तूट त्या मुलीच्या हलगर्जीपणामुळेच झाली हे दिसल्याशिवाय आणि तिचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय पगारातून कापणं कायद्यातही बसत नाही.

ही लहान गोष्ट आहे असं वाटत असेल, तर ब्रिटनच्या पोस्टाचं प्रकरण ऐक. तिथली बरीचशी पोस्ट ऑफिसं म्हणजे गल्लीतली किराणा-स्टेशनरीची दुकानं. एका कोपऱ्यात पोस्टाचा काउंटर. ती चालवणाऱ्यांत आपल्याकडून गेलेली कुटुंबंही पुष्कळ. १९९९ पासून या काउंटरांवर होरायझन नावाची यंत्रणा बसवली गेली. फुजित्सू कंपनीनं केलेली. काउंटरवरचा प्रत्येक व्यवहार तिच्यातून मुख्य कार्यालयात जायचा. आणि लोकांना न समजणाऱ्या तुटी दिसायला लागल्या. करारावर बोट ठेवून पोस्ट त्या तुटी काउंटर चालवणाऱ्याकडून भरून मागायचं. लोकांनी घरं गहाण टाकून भरल्या. ज्यांना जमलं नाही त्यांच्यावर चोरीचे आणि खोट्या हिशोबाचे खटले झाले. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक माणसं दोषी ठरली. वेस्ट बायफ्लीटच्या सीमा मिश्रा यांना नोव्हेंबर २०१० मध्ये पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या वेळी त्या गरोदर होत्या. शेवटी ॲलन बेट्स नावाच्या पोस्टवाल्यानं शेकडो जणांना एकत्र करून दावा लावला, आणि डिसेंबर २०१९ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं निकाल दिला की यंत्रणेतल्या दोषांमुळे अशा तुटी दिसू शकत होत्या. मिश्रा यांची शिक्षा २०२१ साली रद्द झाली. उरलेल्या शेकडो जणांच्या शिक्षा रद्द करायला २०२४ मध्ये संसदेला कायदाच करावा लागला.

यातला एक दोष आपल्या कामाचा आहे. स्कॉटलंडमधलं डालमेलिंग्टन हे गाव. २०१५ साली तिथं एका बाईंनी आठ हजार पौंडांची रोकड एका शाखेतून दुसरीकडे नेल्याची नोंद केली. स्क्रीन अडकला. त्यांनी पुन्हा एंटर दाबलं, पुन्हा दाबलं, तुम्ही-आम्हीही दाबलंच असतं. हिशोबात आठ हजार चार वेळा चढले आणि चोवीस हजारांचा फरक उभा राहिला. आणखी एक गोष्ट कोर्टात बाहेर आली, ती तर फारच वाईट. फुजित्सूची माणसं आपल्या ऑफिसात बसून शाखेच्या हिशोबात फेरफार करू शकत होती आणि काउंटरवरच्या माणसाला त्याचा पत्ता लागत नव्हता. असं करता येतच नाही, असं पोस्ट वर्षानुवर्षं सांगत राहिलं होतं.

पोस्टाची यंत्रणा काही कोणी पेनड्राइव्हवर चालवलेली नव्हती. तिच्यावर पाण्यासारखा पैसा ओतला होता. तरी काउंटर आणि हेड ऑफिस यांच्यामधली तार कधी चुकू शकते हे कोणी गृहीतच धरलं नाही. तू धरायचं. दोन्ही कोटेशनांऐवजी काउंटर आणि हेड ऑफिस यांच्यामध्ये एक प्रोग्राम बसव, आणि तो असा हवा की फरक आला तर तो कुठं आला हे त्यानं स्वतःच दाखवावं.

या मधल्या प्रोग्रामला मिडलवेअर म्हणतात. नाव भारदस्त आहे, काम साधं. काउंटरकडून घ्यायचं, तपासायचं, हेड ऑफिसला समजेल अशा भाषेत करायचं, पोचवायचं आणि पोचल्याची पोच घ्यायची. आपल्या मार्केट यार्डात मापाडी काटापट्टी करतो ना, तसं समज. पट्टीवर नंबर असतो. त्या नंबरावर अडत्या हिशोबपट्टी करतो, आणि एकाच काटापट्टीवर शेतकऱ्याला दोनदा पैसे मिळत नाहीत, पट्टी त्यानं दोनदा दाखवली तरी. ज्वारीच्या पोत्याला जो नियम आहे तो तुझ्या बिलाला हवा.

म्हणजे काय, ते एका बिलावर सांगतो. पारोळ्यात बिल झालं. ते आधी त्या दुकानातल्याच कॉम्प्युटरवर पक्कं लिहिलं गेलं पाहिजे, इंटरनेट असो वा नसो. वीज गेली, इन्व्हर्टर बसला, तरी छापलेलं बिल हरवता कामा नये. मग ते बिल 'जायचंय' अशा यादीत उभं राहील. दुकानातला छोटा प्रोग्राम त्या यादीतली बिलं एकेक करून अमळनेरला पाठवेल. अमळनेरच्या बाजूनं बिल उतरवून घेतलं की पोच येईल, आणि पोच आली की मगच यादीतली ओळ खोडायची. पोच आली नाही तर तेच बिल पुन्हा पाठवायचं. आता इथं गोम आहे. बिल पोचलं पण पोच वाटेत हरवली, असंही होतं. मग तेच बिल दुसऱ्यांदा जातं. म्हणून घेणाऱ्या बाजूनं बिलाचा नंबर पाहायचा आणि आधी आलेलं असेल तर हिशोबात न धरता नुसती पोच परत द्यायची. डालमेलिंग्टनला नेमकं एवढंच नव्हतं.

नंबर कसा असावा? जीएसटीच्या नियमानं बिलाचा क्रमांक सोळा अक्षरांच्या आत आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव असला पाहिजे. दुकानाची खूण, काउंटर, वर्ष आणि चढता आकडा, एवढं सोळात आरामात बसतं. प्रत्येक काउंटरची मालिका वेगळी ठेव. आणि विक्रेत्याला हा प्रश्न मुद्दाम विचार: काउंटरचा कॉम्प्युटर बिघडला, नवा बसवला, आणि आकडा पुन्हा एकपासून सुरू झाला, तर? नंबर जुना, माल वेगळा. 'आधी आलंय' म्हणून तुझा प्रोग्राम अशी बिलं टाकून देत बसला तर दिवसाची विक्री गुपचूप गायब होईल. नंबर तोच आणि आतला मजकूरही तोच, तर सोडून द्यायचं. नंबर तोच आणि मजकूर वेगळा, तर ते बिल बाजूला काढून माणसाला दाखवायचं. या प्रश्नावर जो गडबडेल त्यानं हे काम आधी केलेलं नाही असं समज.

रद्द बिलं, परत आलेला माल, दिलेली सूट, गल्ला उघडून काढलेली रोकड, हे सगळं विक्रीसारखंच स्वतंत्र नोंद म्हणून गेलं पाहिजे. झालेलं बिल कोणीही मागं जाऊन बदलायचं नाही. चूक झाली तर उलटी नोंद. दाजींना हे समजावावं लागणार नाही. पेढीवर खाडाखोड चालत नव्हती हे त्यांना माहीत आहे. सरकारनंही कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवायची सक्ती केली आहे. तुमची भागीदारी असल्यानं ती तुम्हाला लागू नाही, पण उद्या प्रायव्हेट लिमिटेड कराल तेव्हा लागेल.

आता स्वस्तातलं का नको. काउंटरच्या डेटाबेसला थेट टॅली जोडली की पहिले दोन महिने झकास चालतं. मग बिलिंगवाला नवी आवृत्ती टाकतो, आतले रकाने बदलतात आणि जोडणी मुकी होते. टॅलीला बाहेरून माहिती देता येते, साधारणपणे ९००० या पोर्टवर ती एक्सएमएलच्या रूपात ऐकत बसते. पण टॅली चालू असेल तरच ना. रात्री ऑफिस बंद करताना कॉम्प्युटर बंद केला की ऐकणार कोण? मध्ये यादी धरून बसणारं कोणी नसेल तर रात्रीची बिलं हवेत विरली. आणि बिल न् बिल टॅलीत भरायची गरजही नाही. तूच लिहिलंस की चार दुकानांची मिळून रोज दोन हजारांच्या आसपास बिलं होतात. वर्षाला सात लाखांवर जातील. जीएसटीआर-१ मध्ये साध्या गिऱ्हाइकांची विक्री कराच्या दरानुसार एकत्रच दाखवायची असते. जीएसटी नंबर देऊन माल नेणारे हॉटेलवाले, मेसवाले यांची बिलं तेवढी एकेक लागतात, आणि एचएसएनवार गोषवारा लागतो. तेव्हा मूळ बिलं मधल्या साठ्यात जशीच्या तशी राहू देत, आणि टॅलीत रोज प्रत्येक दुकानाची दरानुसार एक-एक नोंद जाऊ दे. नोंदीच्या तळाशी पहिलं आणि शेवटचं बिल, मधली किती, रद्द किती, हे छापलेलं असू दे. मूळ बिलं पुसायची घाई करू नकोस. वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून बहात्तर महिने ती सांभाळायची असतात.

भारीतलं का नको, ते एका वाक्यात: चोपड्याची लाइन गेली की त्यांचा काउंटर उभा राहतो, आणि उभा राहिलेला काउंटर गिऱ्हाइकाला समोरच्या दुकानात पाठवतो.

एवढा वेळ मी खालून वर जाणाऱ्या माहितीचं बोललो. वरून खाली जाणारी माहिती, म्हणजे मालाची यादी, भाव, एमआरपी आणि कराचा दर, ती जास्त घात करते. २२ सप्टेंबर २०२५ आठवतो ना? घटस्थापना होती. त्या दिवसापासून जीएसटीचे दर बदलले. केसांचं तेल, शाम्पू, टूथपेस्ट, अंगाचा साबण, बिस्किटं १८ वरून ५ टक्क्यांवर आली. तूप, लोणी, फरसाण १२ वरून ५ वर. पाकिटबंद पनीरचा कर गेलाच. पण कपड्यांची पावडर १८ वरच राहिली. एकाच फळीवर साबणाला एक दर आणि पावडरीला दुसरा. तुम्ही आदल्या रात्री चार दुकानांत फिरून दर हातानं बदललेत, आणि चोपड्याला पोचेपर्यंत सकाळचं गिऱ्हाईक येऊन गेलं होतं, हे मला अक्कानं फोनवर सांगितलं होतं. मिडलवेअर असतं तर नवा दर आठवडाभर आधी चारही दुकानांत जाऊन बसला असता, 'अमुक तारखेपासून लागू' अशा चिठ्ठीसकट, आणि रात्री बारा वाजता प्रत्येक काउंटरनं आपल्या घड्याळावर तो उचलला असता. त्या क्षणी लाइन असण्याचीही गरज नाही. म्हणून दर पाठवताना त्याच्याबरोबर तारीख जातेच जाते, ही अट लिहून घे. आणि परतावा नेहमी मूळ बिल शोधूनच करायचा. २० तारखेला १८ टक्क्यांनी विकलेली शाम्पूची बाटली २३ ला परत आली, तर क्रेडिट नोटमध्ये १८ च यायला हवेत; यंत्रानं आजचा दर बघून ५ लावले की हिशोब फुटला.

बारकोडचंही तसंच. आपल्याकडे नोंदवलेल्या मालाचा तेरा आकडी बारकोड ८९० नं सुरू होतो. कंपनीनं एमआरपी बदलली तरी बारकोड बहुतेक वेळा तोच राहतो, म्हणून एका बारकोडाला दोन एमआरपी असू शकतात हे यंत्रणेला माहीत हवं. तुमच्या वजनकाट्यावर निघणारी लेबलं मात्र २ नं सुरू होतात. तो आकडा दुकानाच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवलेला आहे. त्या तेरा आकड्यांत मालाचा कोड आणि वजन दोन्ही भरलेलं असतं, आणि शेवटचा आकडा पडताळणीचा. म्हणजे तूरडाळीची ५०० ग्रॅमची पुडी आणि ५१० ग्रॅमची पुडी यांचे बारकोड वेगळे. कोवळ्या पोरानं लिहिलेला प्रोग्राम प्रत्येक पुडीला नवीन माल समजतो, आणि महिनाभरात हेड ऑफिसच्या यादीत तूरडाळीच्या शेकडो जाती तयार होतात. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. तिथला स्टॉक बघून मालक म्हणाला होता, "हाऊ काय प्रकार शे?" मधल्या प्रोग्रामनं २ नं सुरू होणारं लेबल उकलून, कोड आणि वजन वेगळं करूनच पुढं पाठवलं पाहिजे.

पैशांची जुळणी हा तिसरा घोळ. गल्ल्यातली रोकड मोजता येते. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो. तो बिलासोबत साठवला तर बँकेच्या उताऱ्याशी ओळ न् ओळ जुळते. काउंटरवरच्या मुलीला मोबाइलचा स्क्रीन बघून 'आले' म्हणायला लावू नकोस, बँकेकडून होकार येऊ दे. कार्डाचे पैसे बँक आपला आकार कापून जमा करते, तेही एक-दोन दिवसांनी, आणि अनेक बिलांचे एकत्र. हेड ऑफिसला ती रोजची तूट वाटते. तो आकार खर्चाच्या खात्यावर टाकायची सोय मधल्या प्रोग्रामात असली पाहिजे. साध्या यूपीआयवर दुकानदाराला असा आकार लागत नाही, म्हणून दोन्हींना एकच नियम लावून चालत नाही.

पैशांच्या अपूर्णांकाचा भाग थोडक्यात. काउंटर प्रत्येक बिल रुपयात पूर्ण करतो. ती राउंड ऑफची रक्कम वेगळ्या रकान्यात वर गेली नाही तर रोज दोन-चार रुपये जुळत नाहीत, आणि दाजी त्या दोन रुपयांसाठी दोन तास घालवतील. आणखी दोन बारीक गोष्टी. जुन्या काउंटरांवरच्या कॉम्प्युटरांचे घड्याळाचे सेल बदलून घे; सेल मेला की वीज आल्यावर कॉम्प्युटर भलत्याच वर्षात जागा होतो आणि बिलं मागच्या सालात जाऊन पडतात. गिऱ्हाइकांचे मोबाइल नंबर हेड ऑफिसला किंवा कोणा तिसऱ्याला पाठवू नकोस. हिशोबाला त्यांचा काही उपयोग नाही.

सगळ्यात मोठा प्रश्न यंत्राचा नाहीच, सकाळी दहा वाजता कोण बघणार हा आहे. जे बिल तपासणीत अडकलं ते एका वेगळ्या यादीत पडेल. अनोळखी बारकोड, दोनदा आलेला नंबर, बेरीज न जुळणारं बिल, मूळ बिल यायच्या आधीच येऊन थांबलेली रद्दची नोंद. ही यादी रोज रिकामी करणारं एक माणूस हवं, आणि ते विक्रेत्याचं नको, तुझं हवं. प्रताप कॉलेजातून बी.कॉम. झालेली एखादी मुलगी घे. तिला कोडिंग यायची गरज नाही. खतावणी समजली पाहिजे आणि चार दुकानांत फोन करून विचारायचा संकोच नको. यादीचं मराठी साधं ठेवायला सांग. 'त्रुटी क्रमांक ५०३' असं काही आलं तर कोणी वाचणार नाही. 'पारोळा, काउंटर ३, या बिलाची रद्द नोंद आली, मूळ बिल आलं नाही' असं यायला हवं. आणि ती यादी दुकानातल्या मुलींनाही दिसू दे. आपल्या काउंटरबद्दल हेड ऑफिसला काय दिसतंय हे ब्रिटनच्या पोस्टवाल्यांना बघायची सोय नव्हती, म्हणून त्यांना आपली बाजू मांडताच आली नाही.

सुरुवात चारही दुकानांत एकदम करू नकोस. अमळनेरच्या जुन्या दुकानात कर. तिथं काही अडलं तर जिना चढून वर येता येतं. वैशाखातली सखाराम महाराजांची यात्रा होऊ दे, आणि पावसाळ्यात हात घाल. कापसाचा पैसा यायच्या आधीचे ते दोन महिने आपल्याकडे दुकानात गर्दी कमी असते. महिनाभर जुनी एक्सेलही चालू ठेव आणि दोन्हींच्या बेरजा रोज ताडून बघ. दिवाळीच्या तोंडावर कोणी 'आता सगळीकडे लावून टाकू' म्हणालं तर ऐकू नकोस, मग ते दाजी का असेनात.

मोठं कोटेशन देणाऱ्या माणसानं तुला सांगितलं म्हणे की असली कामं पुण्या-बंगळूरची कंपनीच करू शकते, अमळनेरात कोण करणार. त्याला गावाचा इतिहास ठाऊक नसावा. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाचा वनस्पती तुपाचा कारखाना १९४५ साली अमळनेरातच निघाला. त्याच कंपनीचं पुढं विप्रो झालं, आणि ती आज जगाला सॉफ्टवेअर विकते. जळगाव-धुळ्यात हे काम करू शकणारी पोरं आहेत. कोणी जवळचा घेतलास तर पारोळ्याला तो स्वतः मोटारसायकलवर जाऊन येईल. फक्त करार नीट कर. माहिती तुझी, तिचं स्वरूप लिहून दिलेलं, सगळे पासवर्ड तुझ्याकडे, आणि तो गाव सोडून गेला तरी दुसऱ्याला काम पुढं नेता येईल एवढी टिपणं.

पैसे एकदम देऊ नकोस. शेवटचा हप्ता हातात ठेव आणि त्याला तुझ्यासमोर एवढं करून दाखवायला सांग. बिल चालू असताना नेटची वायर काढायची. पाच-दहा बिलं करायची, त्यांतलं एक रद्द करायचं, एकाचा माल परत घ्यायचा. कॉम्प्युटरची वीज मध्येच बंद करायची. वायर परत लावायची, मग तीच बिलं मुद्दाम दुसऱ्यांदा पाठवायची. त्यानंतर वर जाऊन टॅली उघडायची आणि गल्ला, बँक, बिलं, टॅली या चारही बेरजा कागदावर तू स्वतः मांडायच्या. जुळल्या तर त्याच दिवशी चेक दे. नाही जुळल्या तर कितीही गोड बोलला तरी दुरुस्त होईपर्यंत हप्ता थांबव.

अक्काला नमस्कार, दाजींना सा. न. वि. वि.

तुझा,
मामा